शकुनचे सव्वीस गुंड

२ फेब्रुवारी १९८६, चिखला

ही डायरी बँकेच्या साहेबांनी नव्या वर्षाला फुकट दिली. महिनाभर कोरी पडली होती. शकुनला जाऊन आज चौदा दिवस झाले. तेरवी आटोपली, पाहुणे गेले. चंद्रकांता, माझी मुलगी, आज सकाळच्या गाडीने साकोलीला सासरी परतली. जाताना म्हणाली, "बाबा, एकदा रडून घ्या." मी म्हटलं, "हो."

रडू आलं नाही. काल अंगणात बसून थोडी वाट पाहिली. मग थंडी वाजली म्हणून आत आलो.

तीन दिवस ताप होता. चौथ्या दिवशी भंडाऱ्याला नेलं, पाचव्या दिवशी परत आणलं. याच्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

कर्जाचं लिहितो. चार वर्षांपूर्वी दुकानात स्टीलच्या भांड्यांचा माल भरायला दहा हजार घेतले होते. काल साहेबांच्या कारकुनाला आकडा विचारला. चार हजार तीनशे ऐंशी बाकी. महिन्याला एकशे ऐंशी भरतो, असं भरत गेलो तर अजून दोन वर्षांवर जाईल. घरात माणूस गेलं की लोक काशीचं नाहीतर अन्नदानाचं ठरवतात. मी ठरवलं, दिवाळीच्या आत कर्ज संपवायचं. काहीतरी ठरवायला पाहिजे होतं.

५ फेब्रुवारी

शकुनची पेटी उघडली. सहा लुगडी, चंद्रकांताचं लहानपणीचं टोपडं, एक पावडरचा डबा. डब्यात अकरा रुपये.

मला नवल वाटलं. दर धनतेरसला मी तिला दुकानातलं एखादं भांडं घे म्हणायचो. ती म्हणायची, "भांडं नको, पैसे द्या." मग मी एक्कावन्न द्यायचो. असे तेरा वर्षं दिले. तोंडी हिशेब केला तर सहाशे त्रेसष्ट होतात. शिवाय घरखर्चाचे तीनशे दिले की तिने कधी वाढवून मागितले नाहीत. चार माणसांत मी सांगायचो, आमची बाई तीनशेत महिना काढते. आणि डब्यात अकरा रुपये!

मग मागच्या खोलीत गेलो तेव्हा उलगडलं. तिथे भिंतीशी तिचे पितळी गुंड एकावर एक रचलेले आहेत, पाणी भरायचे. मोजले, सव्वीस. आठवड्यातले माझे तीन दिवस बाजार फिरण्यात जातात, तेव्हा दुकान तीच पाहायची. जुनी भांडी मोडीत घालायला बाया यायच्या, त्यातून ही घेऊन ठेवली असणार. मी एकदा विचारलं होतं, हे कायले जमवते? "आवडले म्हून ठेवले," म्हणाली होती. म्हणजे धनतेरसचे पैसे पितळेत घातले. बाईची अक्कल चांगली होती. पितळ कुजत नाही, उंदीर खात नाही.

बहुतेकांवर नावं माझ्याच हातची, विकताना छिन्नीने कोरलेली. लग्नात दिलेली, वास्तूला दिलेली. बुडाशी बारीक छिन्नीने टोचलेले ठिपके दिसले. कुठे चार, कुठे आठ. बनवणाऱ्याची खूण असेल.

तीन किलोचा एक धरला तर मोडीच्या भावाने सव्वीसांचे बावीसशे सहज. अर्धं कर्ज तिथेच गेलं.

जेवणात मीठ नव्हतं हे हात धुतल्यावर लक्षात आलं.

१० फेब्रुवारी

खाणीचा पगार. आजच्या दिवशी कॉलनीच्या फाटकासमोर जो बसतो त्याचा महिना निघतो. एकोणसाठ साली मी याच फाटकासमोर डोक्यावरची टोपली उतरवली होती, सात भांडी नि एक छिन्नी. नाव टाकायचे पैसे घेत नव्हतो, म्हणून माल खपला. आज टिनाचं छप्पर आहे, पाटी आहे, मागे लागूनच घर आहे. भांडं बोटाने वाजवलं की चीर कुठे आहे, लाख लावून भोक कुठे बुजवलं आहे, ते मला न पाहता सांगता येतं. गिऱ्हाइकाचंही तसंच. तोंड उघडलं की कळतं, हिच्या पदराला किती पैसे आहेत.

दुपारी धुरपता आली. खाणीवर दगड निवडायच्या कामावर आहे, मूळची करडी गावची. माल घेतला नाही. उभी राहिली.

"शकुनबाईचं लय वाईट झालं, भाऊ."

"हो."

"तिच्याजवळचे गुंड हायेत ना मागं?"

"हायेत ना."

"माझाही हाय त्यात. ठेवजा. दिवाळीनंतर पोरीचं लगन हाय, आंदन म्हून द्याचा हाय. तवा नेईन."

मी म्हटलं, "न्या ना. दुकान तुमचंच हाय."

ती गेल्यावर वहीत लिहायला पेन घेतलं नि ठेवून दिलं. बयाणा दिला नाही. एक रुपया हातावर ठेवल्याशिवाय बोली होत नाही, हा धंद्याचा पहिला धडा.

गिऱ्हाइकांशी हसून बोललो. एकीला म्हटलं, "हे पातेलं घ्या, सासूपेक्षा जास्त टिकन." सगळ्या हसल्या. मीही हसलो असेन.

११ मार्च

आज मंगलाबाईने मला चकित केलं. ड्रिलवाल्याची बायको, दोन पोरं, नेहमी उधारीवर घेणारी. आली ती सरळ म्हणाली, "भाऊ, मागचा एक गुंड पायजे होता."

"कोनता?"

"काठ दबलेला. बाजूले माझं नाव हाय."

"त्याहून चांगला नवा देतो. स्टीलचा. हलका, घासाची कटकट नाई."

"नाई, तोच."

"काय देता मग?"

"तुमी सांगा."

जो 'तुमी सांगा' म्हणतो, त्याला ती वस्तू पाहिजेच असते. मोडीत पंच्याऐंशीचा माल. मी शंभर म्हटलं. तिचं तोंड जरा उतरलं. काहीतरी बोलणार होती, पण दुकानात तिचा नवरा विडी पेटवायला आला, मग बोलली नाही. नवरा गेला, तीही गेली. दोन तासांनी दहा-दहाच्या दहा नोटा घेऊन आली. मी गुंड उचलून बोटाने वाजवून दाखवला. "ऐका, कसा वाजते! घंटी हाय घंटी."

"मले ठाऊक हाय," ती म्हणाली.

बाईला आपल्या लग्नाच्या भांड्याचा जीव असतो. मोडीत देताना दिलं, आता जीव तुटतो. जीव तुटण्याला किलोचा भाव नसतो, ही गोष्ट इतकी वर्षं माझ्या लक्षात कशी आली नाही?

१४ मार्च

आणखी दोघी येऊन गेल्या. एकशे पाचला एक, एकशे दहाला एक.

२ एप्रिल

बेबीबाई आली. तिच्या गुंडाचे एकशे वीस सांगितले. तिने पदर तोंडाशी धरला. "भाऊ, एवढे?"

"पितळ चढून राहिलं, बाई. पुढच्या महिन्यात एकशे तीस होईन."

खोटं नव्हतं. माझ्या दुकानात चढतच होतं.

संध्याकाळी नळावर बाया बोलत होत्या. दुकान बंद करत होतो, माझे कान तिकडेच होते.

"आता कोनाजवळ जाचं व?"

"कोनी नाई. ती होती तवा होती."

"बुढा भाव वाढवूनच राहिला."

"घेऊन टाक व लवकर. नाई तं भट्टीत घालीन."

मी कुलूप लावता लावता खूश झालो. भाव वाढतो आहे ही बातमी बायांत पोचली म्हणजे माल लवकर उठेल. अशी बातमी पैसे देऊनही पसरत नाही.

खूश झालो असं लिहिलं. तसं काही वाटलं नाही. पूर्वी अशा वेळी घरी येऊन शकुनला सांगत होतो, ती "हं" म्हणायची. ते 'हं' झालं की मग खूश व्हायचो, असा क्रम होता बहुतेक.

१८ मे

चंद्रकांता चार दिवस राहून गेली. मागच्या खोलीत गेली, बराच वेळ बाहेर आली नाही. मी डोकावलो तर गुंडांसमोर उकिडवी बसलेली.

"बाबा, आईचे गुंड विकून राहिले तुम्ही?"

"कर्ज फेडून राहिलो. चौदा गेले. तुला पाहिजे तर एक ने."

"कोणता नेऊ? सगळ्यांवर दुसऱ्याचं नाव आहे."

"नाव घासून काढता येतं."

तिने एका गुंडावरच्या नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आई असती तर तिला विचारलं असतं तुम्ही?"

"विचारायला ती पाहिजे ना."

तिने एकही नेला नाही. जाताना स्वयंपाकघरात दोन डबे भरून चिवडा ठेवून गेली. एक अजून उघडला नाही.

१० जुलै

पाऊस धरून आहे. गिऱ्हाईक कमी, बाया धानाच्या रोवण्याला आपापल्या गावी. आतापर्यंत सतरा गुंड गेले. एकोणीसशे सत्तर रुपये आले. शेवटचा एकशे तीसला. पोस्टातली दर महिन्याची ठेव पिकली, तिचे बाराशे. आज बँकेत भरायला गेलो तर कारकून म्हणाला, "ताराचंदजी, लॉटरी लागली का?" मी म्हटलं, "हो, बायको मेली." त्याने मान खाली घालून पावती फाडली. मला वाटतं मी थट्टाच केली होती.

नऊ गुंड उरले. त्यांच्यासाठी कोणी येत नाही. दोघीतिघी भाव विचारून गेल्या, नंतर फिरकल्या नाहीत.

११ ऑगस्ट

भंडाऱ्याचा भैय्यालाल मोड उचलायला गाडी घेऊन आला. भट्टीवाल्यांचा माणूस, बोलायला मोकळा. नऊही गुंड काट्यावर चढवले. अठ्ठावीस किलो, एकोणतीसचा भाव. आठशे बारा.

"ताराचंदभाऊ, आज वाजवून नाई पाहत? तुमी तं चमचाही वाजवता."

"भट्टीत जाणाऱ्याले काय वाजवाचं."

धुरपता दिवाळीनंतर येते म्हणाली होती, ते आठवलं. तिचा यांतच असेल. पण सहा महिन्यांत ना ती आली, ना बयाणा आला. व्याजाची तारीख पंधरा. बँक काही धुरपताच्या पोरीच्या लग्नासाठी थांबत नाही. भैय्यालालने पोत्यात पालथे घातले. नावं पाहिली नाहीत. पाहण्यासारखं तेव्हा काही वाटलं नाही.

१४ ऑगस्ट

कर्ज संपलं.

साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "असा कर्जदार पाहिजे. आता नवं घ्या, स्कूटर घ्या." बेबाकीचा कागद दिला. घडी करून खिशात ठेवला. गाडीत बाजूच्या माणसाने विचारलं, काय कागद आहे. मी म्हटलं, "मोकळा झालो."

घरी सांगायला भरभर चालत आलो. घरी कोणी नाही, हे दाराची कडी काढल्यावर आठवलं.

मागच्या खोलीत गेलो. भिंतीशी नऊ गोल डाग आहेत, जमिनीवर. बाकीचेही असतील, त्यांच्यावर धूळ बसली.

३० सप्टेंबर

काही नाही. दुकान, घर. आता महिन्याला एकशे ऐंशी उरतात. पोस्टात टाकावे. टाकले नाहीत. गल्ल्यात पडून आहेत.

१० ऑक्टोबर

आज पगाराचा दिवस. सगळं लिहितो, जसं झालं तसं.

उन्हं उतरता धुरपता आली. पदराची गाठ सोडून पाच रुपयांची नोट काढली, गल्ल्यावर ठेवली, वरून हाताने दाबली.

"घ्या भाऊ. दहावा."

"कसला दहावा?"

"ठिपका. नऊ झाले होते. शेवटचा म्या मुद्दाम ठेवला होता. दहा झाले की गुंड घरी न्या लागते, नि घरी नेला का आमच्या नवऱ्याच्या दारूत जाते. शकुनबाई म्हणे, राहू दे एक ठिपका माझ्याजवळ, पोरीच्या लगनाले ने."

मला समजेना. मी म्हटलं, "बस, धुरपता. सुरुवातीपासून सांग."

तिने सांगितलं. अडलं की बाई गुंड घेऊन मागच्या दाराने शकुनकडे यायची. शकुन पन्नास रुपये द्यायची. मग दर पगाराला पाच आणून द्यायचे, शकुन माझी बारीक छिन्नी घ्यायची नि बुडाशी एक ठिपका टोचायची. दहा ठिपके झाले की ज्याचा गुंड त्याच्या घरी. लिहिणं नाही, अंगठा नाही. व्याज नाही.

"किती वर्षं?"

"माझीच तिसरी खेप होती. मी इथं याले लागली त्याच्या आधीपासून चालू होतं."

"मला काहून नाही सांगितलं तिनं?"

धुरपता हसली. तोंडावर हात ठेवून हसली. "शकुनबाई म्हणे, आमच्या यायले सांगू नका व, व्याज लावतीन."

मीही हसलो. आवाज निघाला तरी. मग ती म्हणाली, "आना ना गुंड. अंधार होऊन राहिला."

"तो गेला."

"कोठी?"

"भट्टीत. ऑगस्टात."

ती ओट्यावर बसली. रडली नाही. पाच रुपयांची नोट तिथेच होती, वाऱ्याने हलत होती, दोघांपैकी कोणी धरली नाही.

"म्या सांगतलं होतं तुमाले, भाऊ. इथंच उभं राहून सांगतलं."

"बयाणा नव्हता दिला," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. तोंडाला सवय.

ती वर पाहून म्हणाली, "नऊ ठिपके बयाना नोहे का?"

मी समोरची उघडी वही मिटली.

"माझ्या बापानं देल्ला होता. परसरामनं. करडीले आमच्या आंगनात बसून तुमीच नाव टाकलं, ध्यानात हाय का? डोक्यावर टोपली घेऊन आले होते. बापाले म्हटलं, परसरामजी, हे नाव पोरीच्या पोरीपर्यंत जाईन."

ध्यानात आहे. ते मी टाकलेलं पहिलं नाव. ओळ उतरती आली होती, शेवटची अक्षरं बुडाकडे गेली होती. तरी परसरामजींनी मला जेवू घातलं.

ती नोट घेऊन गेली. "गुंड नाई तं दहावा कायचा," म्हणाली.

११ ऑक्टोबर

सकाळी मंगलाबाईच्या घरी गेलो. नवरा पाळीवर होता. ती अंगण सारवत होती, हात शेणाचे.

"बाई, तुमच्या गुंडाले किती ठिपके होते?"

ती उभी राहिली. "आठ."

"म्हणजे दहाच रुपये बाकी होते."

"हो."

"नि मी शंभर घेतले."

"हो."

"मग काहून नाही बोलल्या? माझ्या तोंडावर मारायचे होते ते आठ ठिपके!"

"बोलनार होती. हे आले ना मधात विडी पेटवाले. यायले मालूम नोतं. मंग म्हटलं, भाऊनं भाव सांगतला, देऊन टाकू. भांडं तं घरी आलं." मग म्हणाली, "तुमी वाजवूनही दाखवला. माझाच गुंड मले वाजवून दाखवला, घंटी हाय म्हनून. घरी येऊन लय हसलो आमी, मी नि बेबी. मंग रडलो."

तो गुंड चुलीजवळ पाणी भरून ठेवलेला होता. बुडाशी ठिपके आहेत का, पाहायचं होतं. भरलेला गुंड उलटा कसा करणार?

१३ ऑक्टोबर

सतराही घरी जाऊन आलो. नवरे नसताना गेलो, म्हणून कॉलनीत माझ्याबद्दल काय बोलून राहिले असतील ते ऐकू येतं आहे. येऊ द्या. प्रत्येकीला एकच विचारलं, ठिपके किती. एकीनेही एक जास्त सांगितला नाही. कसं कळलं? आवाजावरून. तेवढं अजून कळतं.

एकोणीसशे सत्तर घेतले. खरं देणं तीनशे पासष्ट. म्हणजे सोळाशे पाच रुपये माझ्याकडे त्यांचे आहेत. बँकेचं कर्ज मी कोणाच्या पैशाने फेडलं, ते आता आकड्यात आलं.

एकदम परत द्यायला निघालो तर मंगलाबाई म्हणाली, "अंधेर करता का भाऊ? एवढे पैसे घरात दिसले तं हे इचारतीन, कुठून आले? तसंच द्या, पगाराले थोडे थोडे."

दहा पगारांत दिले तर महिन्याला साधारण एकशे साठ. बँकेच्या हप्त्यापेक्षा वीस कमी. व्याज नाही. सोसायटी चांगली मिळाली.

शकुनच्या डब्यात अकरा रुपये का होते, तेही समजलं. तिचा पैसा कधी घरी बसलाच नाही. ती तीनशेत महिना काढते म्हणून मी तिचं कौतुक करायचो, ते कौतुकसुद्धा फिरत होतं.

१५ ऑक्टोबर

भंडाऱ्याला गेलो. भैय्यालाल भट्टीच्या बाहेर तंबाखू मळत होता.

"ते नऊ गुंड?"

"कोनते? ऑगस्टातले?" तो खो खो हसला. "ताराचंदभाऊ, ते आतापर्यंत कोनाच्या घरी परात झाले, कोनाच्या देवळात समई झाले. नाव घेऊन हाक मारान तं ओ देतीन का?"

त्याच्याकडून नऊ नवे गुंड घेतले, उधार. तो म्हणाला, "आता पितळ कोन घेते? सगळे स्टील मागून राहिले."

"घेणाऱ्या आहेत. नऊ आहेत."

एकीचं नाव मला माहीत आहे. बाकी आठ कोणाचे ते माहीत नाही. पोत्यात पालथे गेले तेव्हा एक नजर टाकली असती तर आठ नावं कळली असती. माझी अक्षरं मी विसरत नाही. त्या भाव विचारून गेलेल्या दोघीतिघी कोण होत्या, तेही आठवत नाही. गिऱ्हाईक नाही म्हटलं की मी तोंड पाहत नव्हतो, वाटतं.

बाजारात सांगितलं, नळावर सांगितलं: ज्यांचा गुंड गेला त्यांनी येऊन घेऊन जावा. काही सांगायचं नाही, फक्त नाव सांगायचं. संध्याकाळपर्यंत कोणी आलं नाही. का येतील? त्यांना वाटत असेल, बुढा आता नवा भाव सांगेल.

२९ ऑक्टोबर

उद्या धनतेरस. एक्कावन्न रुपये काढून ठेवले नि मग पाहत बसलो. ते मंगलाबाईला पहिला हप्ता म्हणून नऊ, बेबीबाईला नऊ, असे वाटून आलो. तरी तेहतीस उरले. उद्या उरलेल्यांकडे.

५ नोव्हेंबर

नव्या नऊंपैकी एक गुंड धुरपताचा ठरवला. नाव टाकायला बसलो. 'चि. धुरपता, वडील परसराम, मु. करडी.' एकोणसाठ साली ओळ खाली घसरली होती, तशी घसरवायला पाहिली. हात ऐकेना. सत्तावीस वर्षांच्या सवयीने ओळ सरळच येते.

मग उलटा केला नि बुडाशी ठिपके टोचले. बारीक छिन्नी शकुन कुठे ठेवायची ते मला माहीत नव्हतं. ती मिठाच्या बरणीमागे सापडली. दांड्याला तिने चिंधी गुंडाळली आहे, हाताला लागू नये म्हणून. टोक बोथट झालेलं आहे. मी कधीतरी 'माझी छिन्नी कोणी बोथट केली' म्हणून ओरडलो होतो. ती म्हणाली होती, "उंदरानं."

नऊ ठिपके टोचले.

१० नोव्हेंबर

पगार. सतराही जणींचा हप्ता दिला. कोणी मोजला नाही.

धुरपता बोलावल्याशिवाय आली नसती. मंगलाबाई तिला घेऊन आली. सोळा तारखेला लग्न आहे. मी गुंड समोर ठेवला. तिने नाव बोटाने वाचलं, मग बोटाने वाजवलं. मान वाकडी करून ऐकलं, अगदी मी ऐकतो तशी.

"तो आवाज नोहे."

"नाही. नवा आहे. वापरून वापरून येईल."

"मले कायचा येईन आता," ती म्हणाली. "पोरीच्या पोरीले येईन."

उलटा केला, ठिपके मोजले. गाठ सोडून पाचची नोट काढली. मी म्हटलं, "राहू दे, धुरपता. माझ्याकडून."

"तुमी कोन सोडनारे? तुमचे होते का हे?"

मंगलाबाई तोंड फिरवून हसली. मी नोट घेतली नि चिंधीच्या छिन्नीने दहावा ठिपका टोचला. थोडा वाकडा गेला. धुरपताने गुंड कमरेवर घेतला नि निघाली, मागच्या दाराने. सवयीने. मी पुढचं दार उघडून उभा होतो.

नोट गल्ल्यात टाकता येईना. पावडरच्या डब्यात ठेवली. सोळा रुपये झाले.

आठ गुंड दुकानाच्या दारात दोरीने टांगले आहेत, नाव नसलेले. वारा आला की एकमेकांना लागतात. आत जेवायला बसलो तरी ऐकू येतं. आठही आवाज वेगळे आहेत, ते मी ओळखतो. कोणता कोणाचा, ते नाही ओळखता येत. भाजीत आज मीठ जास्त झालं होतं.